विद्युत-मेंदू आणि नऊ साती

मेंदू कसा काम करतो हे नीट समजले, तर विचार करणारे यंत्र बांधणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल काय? होणार असेल, तर मेंदूकडून नेमके काय शिकावे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत आहे. आजकाल हा प्रश्न वर्तमानपत्रांत सारखा विचारला जातो आणि विचारणाऱ्यांचा आविर्भाव असा असतो, की जणू तो परवाच जन्माला आला. माझ्यापुरता तो सत्तरच्या दशकातला आहे. वसमत तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या ऑफिसात तो लाकडी कपाटात ठेवलेला होता आणि त्याला झेंडूचा हार घातलेला होता.

गाव कुरुंद्याच्या बाजूचे, हळदीच्या पट्ट्यातले. आज तो भाग हिंगोली जिल्ह्यात मोडतो. तेव्हा आमचे सगळे कागद परभणीला जात. मी तिथे विज्ञान शिकवायला लागले तेव्हा शिक्षकांमध्ये एकटीच बाई होते, आणि बौद्ध घरातली पदवीधर बाई ही गोष्ट गावाला प्रयोगशाळेपेक्षा अधिक पाहण्याजोगी वाटे. तसेही प्रयोगशाळेत पाहण्याजोगे फारसे नव्हते. एक कपाट होते, आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे असे.

विद्युत-मंडल शिकवताना मी वर्गाकडून एक फळी करून घेतली. तिची रचना वाचकांनी ध्यानात घ्यावी. प्लायवुडच्या तुकड्यावर डावीकडे प्रश्नांच्या पट्ट्या आणि उजवीकडे उत्तरांच्या, पण उत्तरांचा क्रम उलटसुलट. प्रत्येक पट्टीशेजारी पितळेचा एक स्क्रू. फळीच्या पाठीमागे प्रत्येक प्रश्नाचा स्क्रू त्याच्या योग्य उत्तराच्या स्क्रूला तारेने जोडलेला. समोर बॅटरीचे सेल, एक छोटा दिवा आणि दोन मोकळ्या तारा. एका तारेचे टोक प्रश्नाच्या स्क्रूला टेकवायचे, दुसरीचे उत्तराच्या. जोडी बरोबर असेल तर मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो; नसेल तर लागत नाही. यात विचार कुठे आहे असे मी मुलांना विचारले, तेव्हा ती म्हणाली, “कुठंच न्हाई, बाई.” धडा पूर्ण झाला होता.

मुख्याध्यापकांना मात्र विचार दिसला. ते इतिहासाचे पदवीधर होते आणि आपल्याला विज्ञान कळत नाही ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कधीच आली नव्हती. मी फळीवर ‘साधे विद्युत-मंडल’ असे लिहिले होते. त्यांनी त्यावर रंगीत कागद चिकटवून ‘विद्युत-मेंदू’ असे लिहवून घेतले आणि ती फळी हिंगोलीच्या विज्ञान प्रदर्शनात नेली. तिथे शिक्षण खात्याचे एक अधिकारी आले होते. त्यांनी दिवा लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला, आणि भाषणात सांगितले, “मानवी मेंदू म्हणजे तरी दुसरे काय? टेलिफोन एक्स्चेंज! प्रश्न आला, तार जोडली, उत्तर गेले. उद्या अशीच यंत्रे तुमच्या-आमच्या जागी बसतील.” आमच्या गावात त्या काळी टेलिफोन फक्त पोस्टात होता आणि तो लागला तर पोस्टमास्तर स्वतःच चकित होत. त्यामुळे ही उपमा श्रोत्यांपैकी कोणाला तपासता आली नाही. टाळ्या मात्र सर्वांनी वाजवल्या. फळीला पहिले बक्षीस मिळाले.

ती परत आली आणि थेट ऑफिसातल्या कपाटात गेली. खंडेनवमीला शाळेची घंटा, शिपायाची विळी आणि कुदळ यांच्या रांगेत तिची पूजा झाली. हार घातला तो त्या दिवशी.

एकदा मी मुलांना समजावून देण्यासाठी उत्तरांच्या दोन पट्ट्यांची अदलाबदल केली. तारा तशाच ठेवल्या. मग महाराष्ट्राच्या राजधानीच्या प्रश्नाला एक तार लावली आणि दुसरी ‘तांबे’ या उत्तराला. दिवा झळकन लागला. मुले पोट धरून हसली. फळीला राजधानी ठाऊक नाही आणि तांबेही ठाऊक नाही, हे त्यांना एका क्षणात कळले. मुख्याध्यापक हसण्याचा आवाज ऐकून आले. त्यांना ते समजावून सांगायला मला जास्त वेळ लागला आणि तरीही समजले नाही.

“बाई,” ते म्हणाले, “बक्षिसाच्या वस्तूची थट्टा करू नये. लेकरांचा विश्वास उडतो.”

आता माणसाविषयी. आमच्याकडे गणिताचे एक वयस्क गुरुजी होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत झाले होते. त्यांच्या वयाच्या सगळ्यांचेच तसे होते. संस्थेचे अध्यक्ष आणि चिटणीसही त्याच पठडीतले. पुढे राज्य बदलले, शाळा मराठी झाल्या आणि गुरुजींनी पाढे मराठीत शिकवायला सुरुवात केली. वर्ग त्यांच्यामागून एका सुरात म्हणे आणि तो सूर शाळेपलीकडच्या हळदीच्या वाफ्यांपर्यंत जाई. परंतु स्वतः गुणाकार करताना त्यांचे ओठ उर्दूत हलत. फळ्याकडे तोंड करून ते ‘नौ सत्ते तिरसठ’ असे पुटपुटत आणि वर्गाकडे वळून ‘नऊ साती त्रेसष्ट’ असे खणखणीत सांगत. पोरे त्यांची नक्कल करीत. त्यांना ते ठाऊक होते आणि त्यात त्यांना मौज वाटे.

एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी ते मैदानावर कोसळले. नांदेडच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात लुळा होता, उजवा पाय ओढत चालत आणि शब्द गेले होते. गावाने निदान केले, की गुरुजींचे डोके फिरले. हे निदान करणाऱ्यांत असे लोक होते, ज्यांना आपली बैलजोडी आजारी पडली तर बैल आणि आजार यांतला फरक चांगला कळत असे. माणसाच्या बाबतीत तेवढीही तसदी त्यांनी घेतली नाही.

गुरुजींच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्यांनीच मला पहिल्यांदा नीट सांगितले. “डोकं जागेवर हाय, बाई. शब्दच सापडून न्हाई राहिले त्यांना. लोकाला हे कसं सांगावं?”

आणि सांगणे निकडीचे होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी गुरुजींची आजारपणाची रजा संपत होती. त्यांना पुन्हा वर्गावर घ्यायचे, की नोकरीतून काढायचे, हे संस्थेची समिती ठरवणार होती. निवृत्तीला अजून काही वर्षे होती. त्यांना दुसरे काही करता येत नव्हते आणि करायची इच्छाही नव्हती. रोज सकाळी घंटा झाली की ते टोपी घालून ओसरीवर येऊन बसत. दुसरीकडे अध्यक्षांचा पुतण्या नुकताच विज्ञानाची आणि अध्यापनाची अशा दोन्ही पदव्या घेऊन गावात रिकामा फिरत होता. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त एक जागा हवी होती आणि त्याच्या काकांना ती कुठे आहे हे दिसत होते.

शाळा सुटल्यावर मी गुरुजींच्या ओसरीवर जाऊ लागले. मी डॉक्टर नाही. मला एवढेच येत होते, की एक गोष्ट समोर धरावी, काय होते ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करून पाहावे.

मी चमचा दाखवला. “हे काय, गुरुजी?”

“ताट,” ते म्हणाले. लगेच मान हलवली. “न्हाई. वाटी… न्हाई, न्हाई.”

“सकाळी मला मास्तर म्हणले,” काकू चुलीपासून म्हणाल्या.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणलं, व्हय. छडी कुठाय तेवढं सांगा.”

गुरुजी हसले. हसण्यात काही बिघाड नव्हता.

हे बरेच दिवस चालले आणि हळूहळू मला त्यांच्या चुकांची रीत दिसू लागली. ती इथे नोंदवते. चमच्याला ते ताट म्हणत, वाटी म्हणत, पण बैल कधी म्हणाले नाहीत. खडूला पाटी म्हणाले, कुदळीला विळा म्हणाले. चुकीचा शब्द नेहमी त्याच आळीत राहणारा असे. म्हणजे शब्द नाहीसा झाला नव्हता. ते त्याच्या घराशी जात होते आणि शेजारचे दार वाजवत होते. आणि दार चुकले हे त्यांचे त्यांना तत्काळ कळत असे. मी सांगण्याआधीच मान हललेली असे.

दुसरे असे. एकदा मी हळकुंड दाखवले. त्यांनी पाहिले, “आलं” म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. काकूंनी ते हळकुंड उचलून मोडले आणि त्यांच्या नाकाशी नेले. “हळद!” शब्द असा बाहेर आला, की जणू कधी अडलाच नव्हता. डोळ्यांच्या वाटेने जो सापडत नव्हता, तो नाकाच्या वाटेने सापडला.

तिसरे पाढ्यांचे. मी विचारले, “नऊ साती?” मी मराठीत नऊचा पाढा सुरू करून दिला, “नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा…” तो त्यांना उचलता आला नाही. मी विषय सोडून द्यायचे ठरवले. तेवढ्यात त्यांचा डावा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. “नौ एकम नौ. नौ दूनी अठारा. नौ तिया सत्ताईस…” पाढा न अडखळता चढत गेला. “नौ सत्ते तिरसठ.” तिथे ते थांबले. पुढे गेले नाहीत. मी विचारलेली पायरी तीच होती हे त्यांना पूर्ण ठाऊक होते.

काकू हातातले पीठ तसेच ठेवून दाराशी आल्या. “लहानपणचं हाय ते,” त्या म्हणाल्या. “तळाशी ऱ्हायलं असंल.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि फळीच्या पाठची एक तार सोडवली. त्या तारेचा प्रश्न मेला. बाकीच्या सर्व प्रश्नांना दिवा पूर्वीइतकाच लख्ख लागत होता. मेलेल्या प्रश्नाला शेजारचे उत्तर सुचत नव्हते, दुसरी वाट सापडत नव्हती आणि आपले काही हरवले आहे याची फळीला खबर नव्हती. मी तार पुन्हा जोडली. मग मी बाकावर बसून दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

गुरुजींच्या मेंदूत प्रत्येक उत्तराची एकच तार असती, तर त्यांच्या काही तारा तुटल्या असत्या आणि बाकीचे ज्ञान जसेच्या तसे शिल्लक राहिले असते. चमचा कायमचा गेला असता आणि वाटी शाबूत राहिली असती. तसे झाले नव्हते. सगळेच थोडे थोडे अंधुक झाले होते आणि जवळजवळ सगळेच कुठल्या ना कुठल्या वाटेने पोहोचण्याजोगे होते. यावरून मी निष्कर्ष काढला, की मेंदूत एक गोष्ट एका जागी, एका तारेच्या टोकाला ठेवलेली नसते. ती पुष्कळ लहान जोडांवर मिळून पसरलेली असते, आणि तेच जोड तिच्या शेजारणींनाही धरून असतात. कोणाला विचार करणारे यंत्र बांधायचेच असेल, तर त्याने आधी हे पाहावे. अधिकाऱ्यांचे भाषण ऐकण्यापेक्षा एका आजारी माणसाच्या ओसरीवर बसणे त्याला अधिक उपयोगाचे ठरेल. एका माणसावरून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो हे मला तेव्हाही माहीत होते. तरी तो शून्य माणसांवरून काढलेल्या भाषणापेक्षा पक्का होता.

हे मी समितीला सांगितले. सांगायला नको होते असे आजही वाटत नाही. ऐकणारे कोण होते एवढेच सांगते. अध्यक्ष जमीनदार होते, हळदीचा व्यापार करीत आणि समितीच्या बैठकीत पानाचा डबा मध्ये ठेवून बसत. चिटणीस त्यांच्या डाव्या हाताला बसत आणि त्यांच्या आधी कधी बोलत नसत. मुख्याध्यापक उभे राहत, खुर्ची असली तरी.

मी म्हणाले, “गुरुजींना शब्द उशिरा सापडतात. गणित गेलेले नाही. नांदेडच्या डॉक्टरांना विचारा, किंवा एक वर्ग देऊन पाहा.”

“डॉक्टर म्हंजे माणूस, बाई,” अध्यक्ष म्हणाले. “माणूस कुणाच्या तरी बाजूनं बोलतो. उद्या गाव म्हनंल, पुतण्यासाठी गुरुजीला काढलं. आपल्याला तसली तकलीफ नको. आपल्याकडं मशीन हाय ना? बक्षिसाचं?”

मला आधी वाटले, की ते विनोद करीत आहेत. मुख्याध्यापकांचा चेहरा उजळलेला पाहून कळले, की नाही.

“मशीन कुणाची बाजू घेत न्हाई,” अध्यक्ष म्हणाले. “दिवा लागला तर गुरुजी वर्गावर. न्हाई लागला तर घरी. काय चिटणीस?”

“बराबर,” चिटणीस म्हणाले.

मी सांगितले, की ते मशीन नव्हे, ती प्लायवुडची फळी आहे. माणसाचा मेंदू तिने मोजणे म्हणजे घंटेने ताप मोजण्यासारखे आहे. अध्यक्षांनी पान जुळवले. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, तुमी तयार केलं म्हणून तुमाला त्याची किंमत न्हाई.” हे वाक्य मी अनेक वर्षे मनात घोळवले आहे. त्यात खरे काही नाही, पण ते चुकीचे नेमके कुठे आहे हे त्यांना दाखवणे कोणालाही शक्य झाले नसते.

फळीवर राजधान्या आणि धातू होते. गणिताच्या परीक्षेसाठी नवे प्रश्न हवे होते. ते काम माझ्याकडे दिले नाही, कारण मी गुरुजींच्या बाजूची होते. मुख्याध्यापकांनी स्वतः पट्ट्या लिहिल्या आणि स्वतः तारा जोडल्या. मी मुलांकडून तारेचे टोक घासून, स्क्रूभोवती घट्ट वेढे देऊन, वर दुसरा नट आवळून घेतला होता. मुख्याध्यापकांनी तार नुसती पिळली. हे मला नंतर कळले.

परीक्षा ऑफिसात झाली. गुरुजी पाय ओढत चालत असल्यामुळे त्यांना आणायला मी गेले. काकूंनी त्यांना धुतलेले धोतर नेसवले आणि त्या शाळेच्या ओट्यापर्यंत आल्या. आत कोणी बोलावले नाही. आत अध्यक्ष, चिटणीस, मुख्याध्यापक आणि पुतण्या होते. पुतण्याला मशीन हाताळण्यासाठी बोलावले असे सांगण्यात आले. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, हे त्याच्या बाजूने नमूद करते.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. प्रश्नाची तार पुतण्याने धरली, उत्तराची गुरुजींच्या डाव्या हातात दिली. पाढ्याच्या पायऱ्या ते ओठांत पुटपुटत चढत, उत्तरावर येत आणि तार टेकवत. दिवा लागे. प्रत्येक वेळी मुख्याध्यापक दिव्याकडे अशा कौतुकाने पाहत, की परीक्षा दिव्याचीच चालली असावी.

मग पट्टी आली, नऊ गुणिले सात. गुरुजींनी सुरुवात केली, “नौ एकम नौ…”

“मनातल्या मनात काय पुटपुटून राहिले?” अध्यक्ष म्हणाले. “सरळ तार लावा.”

पाढा तुटला. तुटला की त्यांना पुन्हा पहिल्यापासून जावे लागे. मधल्या पायरीवर चढता येत नसे. ते पुन्हा सुरुवातीला गेले. पुतण्या जमिनीकडे पाहत होता. “नौ छक्के चौवन. नौ सत्ते तिरसठ.” त्यांनी मान वर केली, उजवीकडचे आकडे एकेक पाहिले, त्रेसष्टवर आले आणि तार टेकवली.

दिवा लागला नाही.

गुरुजींनी दिव्याकडे पाहिले. मग आकड्याकडे. त्यांनी तार उचलली, पुन्हा त्याच स्क्रूवर टेकवली आणि जोराने दाबली. “तिरसठ,” ते म्हणाले.

“न्हाई लागला,” अध्यक्ष म्हणाले.

“तिरसठ.”

“दुसरीकडं लावून बघा, गुरुजी,” मुख्याध्यापक म्हणाले. “त्या खालच्याला लावा.” खालच्या पट्टीवर बहात्तर होते.

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिले. चमच्याला ताट म्हटल्यावर त्यांची मान जशी हले, तशी ती हलली नाही. ती स्थिर होती. त्यांनी तार त्रेसष्टवरून काढली नाही.

चिटणीस खाकरले. “हिसाब तर बराबर…” अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले आणि उरलेले वाक्य त्यांनी पानाबरोबर गिळले.

मी अध्यक्षांना विचारले, “साहेब, नऊ साती किती?”

“परीक्षा माझी न्हाई, बाई.”

त्या खोलीत आम्ही पाच धडधाकट माणसे होतो आणि नऊ साती किती हे पाचही जणांना लहानपणापासून येत होते. त्यांपैकी दोघांना तर ते गुरुजींच्याच भाषेत, त्याच ठेक्यावर शिकवले गेले होते. तरीही चौघेजण दोन सेलांच्या एका दिव्याकडे पाहत बसले होते, की तो काय म्हणतो. मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ पाहिला. पण ज्याला उत्तर येते त्याने ते न देता फळीकडे बोट दाखवणे, याला मी मूर्खपणा म्हणत नाही. मूर्ख माणसाला निदान उत्तर येत नसते.

मी फळी उलटी केली. नऊ-सातच्या स्क्रूवरची तार सुटून लोंबत होती. मी ती सर्वांना दाखवली.

“उलटी करताना तुमीच वढली असंल,” अध्यक्ष म्हणाले.

मी मुख्याध्यापकांकडे पाहिले. तार त्यांनीच पिळली होती. ते म्हणाले, “प्रदर्शनात कधी असं झालं नव्हतं.”

गुरुजी खुर्चीतून उठले. डाव्या हाताने टोपी नीट केली. “चला, बाई,” ते म्हणाले. दोन्ही शब्द बरोबर होते.

समितीचा अहवाल परभणीला गेला. मी माझे वेगळे म्हणणे लिहून पाठवले. उत्तर ज्यांच्या सहीने आले, ते प्रदर्शनातले तेच अधिकारी होते. उपकरण प्रदर्शनात निर्दोष आढळले होते, असे त्यात लिहिले होते. आपणच बक्षीस दिलेल्या फळीत दोष आहे असे ते लिहितील, ही अपेक्षा मी का केली हे मला आता सांगता येत नाही. उन्हाळ्यात गुरुजींना वैद्यकीय कारणास्तव कामावरून कमी करण्यात आले. जूनमध्ये पुतण्या गणिताच्या वर्गावर उभा राहिला. वैद्यकीय कारण वैद्याला न विचारता लिहिता येते, हे ज्ञान मला त्या वर्षी मिळाले.

गुरुजी आणि काकू डोंगरकड्याला मुलीकडे राहायला गेले. मी दिवाळीच्या सुट्टीत भेटायला गेले तेव्हा चमचा चमचा झाला होता, काकू काकू झाल्या होत्या. मराठी पाढेही परतले होते. उर्दूतून चढायचे आणि मराठीत उतरायचे अशी वाट त्यांनी स्वतःच पाडली होती आणि तिच्यावरून येणे-जाणे इतके झाले, की पुढे वाट दिसेनाशी झाली. मी विचारले, की आता परत अर्ज करायचा का. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटले, शब्द अडला.

“कुणाकडं?” ते म्हणाले.

शब्द अडला नव्हता. अर्ज झाला नाही. एक माणूस शिकवू शकत होता आणि त्याला पुन्हा कधी वर्ग मिळाला नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. मेंदू समजला तर यंत्र बांधणाऱ्यांना उपयोग होईल काय? होईल, आणि काही प्रमाणात झालेला आहे. हल्लीची यंत्रे एका प्रश्नाला एक तार अशी बांधत नाहीत, असे मी वाचते. त्यांत असंख्य लहान जोड असतात, उदाहरणे दाखवत दाखवत त्या जोडांचे वजन कमी-जास्त केले जाते आणि ज्ञान सगळ्या जोडांवर मिळून पसरते. ही कल्पना मज्जापेशींकडे पाहून सुचली. चांगले झाले. अशी यंत्रे चुकतात तेव्हा शेजारचे दार वाजवतात, हेही माझ्या वाचनात आले आहे, आणि मला ओसरी आठवली.

पण गुरुजींच्या मेंदूत आणखी दोन गोष्टी होत्या आणि त्या घेणे अधिक कठीण आहे. चमच्याला ताट म्हटल्यावर त्यांची मान हले. दिवा न लागता त्रेसष्ट म्हटल्यावर ती हलली नाही. म्हणजे उत्तर देणे हे एक काम आणि ते उत्तर खरे आहे का हे जाणणे हे दुसरे काम. त्यांच्या मेंदूत दोन्ही होती, आणि पहिले जखमी झाल्यावरही दुसरे शाबूत राहिले. यंत्र बांधणाऱ्यांनी मेंदूकडून यानंतर काही घ्यायचे असेल, तर ते हे घ्यावे. जे यंत्र राजधानी आणि तांबे दोन्हींना सारख्याच लख्खपणे दिवा लावते, त्याला आणखी तारा जोडून काही साधणार नाही. दुसरी गोष्ट वाटांची. एका वाटेने अडले तर नाकाने, हाताच्या ठेक्याने, लहानपणच्या भाषेने जाता येणे. आणि हे सगळे सकाळच्या भाकरीच्या बळावर, एकही सेल न जोडता.

यंत्राविषयी मी एवढेच सांगू शकते. यंत्रासमोर बसणाऱ्यांविषयी मात्र मला कोणतीही आशा नाही. मेंदूवरून यंत्र सुधारता येते. समिती सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. आजही यंत्राने काही सांगितले की शिकलेली माणसे आपल्याला येणारे उत्तर गिळून त्याच्याकडे पाहत बसतात, आणि एखाद्याची नोकरी, एखाद्याचा अर्ज, एखाद्याचे दुखणे त्याच्यावर सोपवतात. ते यंत्र पूर्वीपेक्षा फार चांगले आहे, असे मला सांगतात. असेल. पानाचा डबा मध्ये ठेवून बसलेली माणसे तीच आहेत.

माझे म्हणणे एका माणसावर आणि एका फळीवर आधारलेले आहे. म्हणून ते तसेच स्वीकारू नये. प्लायवुड, पितळी स्क्रू, तार, सेल आणि दिवा कोणत्याही गावात मिळतात. फळी करा, एक तार सोडवा आणि काय होते ते पाहा. पट्ट्या बदला आणि पुन्हा पाहा. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाचे शब्द गेले असतील, तर त्यांच्याजवळ बसा. कोणत्या शब्दाच्या जागी कोणता शब्द येतो आणि मान केव्हा हलते, ते घाई न करता पाहा. ज्या यंत्राशी तुमची गाठ पडते, त्याला ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच येते असा प्रश्न विचारा. मी लिहिले तसे आढळले नाही तर माझे चुकले असे समजा. पण कृपा करून तुम्ही स्वतः तपासा.